वही मधे सरकवणाऱ्या फ्रायबुर्गच्या आजींना

आजी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला यातलं एक अक्षरही लागणार नाही. पण जर्मनमध्ये लिहायला बसले की व्याकरण सांभाळता सांभाळता आभार राहूनच जातात. म्हणून आधी माझ्या भाषेत.

२०२४ च्या दिवाळीचा तो आठवडा. सोमवारी वसुबारस होती. व्हिसा उशिरा हातात पडला, त्यात सत्राचे पहिले दोन आठवडे बुडालेले. "उतरल्यापासून महिनाभर आमची जबाबदारी" म्हणत पुण्यातल्या ज्या सल्लागाराने घसघशीत पैसे घेतले, त्याचा फोन मी विमानातून उतरले त्या दिवसापासून बंद. आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारून पाहिलं, तर निळ्या टिका भरपूर, उत्तर एकच. एक दादा म्हणाला, "भाषा नीट येत नाही तर यायची घाई कशाला केलीस?" (जर्मनची सी-वन ही वरच्या पातळीची परीक्षा पास होऊन आले होते मी, दादा.)

दहाचं लेक्चर म्हणून पावणेदहाला जाऊन बसले. वर्गात चिटपाखरू नाही. इथे दहा म्हणजे सव्वादहा, हे मला कोण सांगणार? तेवढ्यात तुम्ही आलात. पांढरे केस, गळ्यात मफलर, हातात शाईचं पेन. मला वाटलं, प्राध्यापक तुम्हीच. तुम्ही म्हणालात, "छे, मी नुसती ऐकायला येते. फी भरली की म्हाताऱ्यांनाही बसू देतात. पुढचा बाक मिळावा म्हणून लवकर येते."

मग सर आले आणि श्वार्त्सवाल्ड या इथल्या डोंगराळ जंगलातल्या चांदीच्या जुन्या खाणींवर बोलू लागले. त्यांच्या गावरान बोलीत 'इस्ट'चं, म्हणजे 'आहे'चं, 'इश' होत होतं. माझं पुणेरी जर्मन दहा मिनिटांत गारद झालं. मी पेन खाली ठेवलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. फक्त तुमची वही दोघींच्या मधे सरकवलीत.

तुमचं अक्षर जुन्या वळणाचं, एकात एक गुंतलेलं. मी डोळे बारीक करून वाचत होते. चार ओळी झाल्या आणि तुमचं अक्षर बदललं. एकेक अक्षर सुटं, ठळक, पहिलीच्या बाई फळ्यावर काढतात तसं. तसं लिहायला वेळ लागतो. सर पुढे जात होते आणि तुमचं निम्मं सुटत होतं. फी भरून, पुढचा बाक धरून ऐकायला आलेल्या बाईने ते निम्मं माझ्यापायी सोडून दिलं. दीड तास! शेवटी सगळे बाकावर टकटक करायला लागले तेव्हा मी दचकले. "या आमच्या टाळ्या," तुम्ही म्हणालात. मग मीही टकटक केली, दुसऱ्या हाताने डोळे पुसत.

"काही लागलं तर सांग" म्हणणारे पुष्कळ भेटतात. सांगायचं ओझं आपल्याच डोक्यावर ठेवून ते निघून जातात. समोरच्याला तोंड उघडायलाच न लावणारी माणसं थोडी. माझी आजी त्यातली. शेजारी डबा पाठवायची तो "आमच्याकडे जास्त झालंय हो, संपवायला मदत करा" असं म्हणून.

बुधवारी तुम्ही मला म्युन्स्टरमध्ये, गावातल्या जुन्या मोठ्या चर्चमध्ये, नेलंत आणि खाणकामगारांनी चौदाव्या शतकात दिलेल्या रंगीत काचा दाखवल्यात. काचेत वाकून खडक फोडणारा माणूस पाहिला आणि सोमवारचं लेक्चर तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. १९४४ च्या नोव्हेंबरात बाँब पडून भोवतालचं गाव बेचिराख झालं तरी ११६ मीटरचा मनोरा तेवढा उभा राहिला, हे तुमच्या आईने तुम्हाला सांगितलेलं, तुम्ही मला.

शुक्रवारी लक्ष्मीपूजन, आणि इथे १ नोव्हेंबरची सुट्टी, गेलेल्या माणसांची आठवण काढायची. दुकानं बंद, पाचला अंधार, खोलीत पणती नाही. तुम्ही यजमानांच्या थडग्यावर लाल डबीतला दिवा लावून आलात आणि उरलेला एक मला दिलात. थडग्यावरचा दिवा लक्ष्मीपुढे! आईला अजून सांगितलेलं नाही.

पाडव्याला गाव धुक्यात बुडालेलं. "आज शाउइन्सलांडवर जायचं," तुम्ही म्हणालात. धुक्यात डोंगरावर काय बघायचं, मला कळेना. दोन नंबरची ट्राम, मग बस, मग १९३० सालापासून चालणारा रोपवे, साडेतीन किलोमीटरचा. अर्ध्या वाटेवर डबा धुक्यातून वर निघाला आणि एकदम लख्ख ऊन! खाली ढगांचा समुद्र, दक्षिणेला आल्प्सची पांढरी रांग. डोंगर आमच्या सिंहगडाहून किंचित बुटकाच, पण त्या दिवशी त्याला सगळं माफ.

वाऱ्याने वाकलेल्या झाडांपाशी बसून तुम्ही थर्मासमधला चहा ओतलात, मी आईच्या चकल्या काढल्या. चकली मोडता मोडता तुम्ही म्हणालात, "आता मला 'झी' नको, 'डू' म्हण." 'झी' म्हणजे तुम्ही, 'डू' म्हणजे तू; इथे हे मोठ्यांनीच सुचवायचं असतं म्हणे. मी हसले, तुम्हाला कारण कळलं नाही. आमच्या घरी आजीला 'तू'च म्हणतात गं.

तर आजी, त्याला आता महिना होत आला. तू फाडून दिलेलं ते पान मी टेबलासमोर चिकटवलंय. पहिल्या चार ओळी सोडून सगळं वाचता येतं. सोमवारी पावणेदहाला भेट. मी तुला हे पत्र वाचून दाखवीन, तू मला त्या चार ओळी.

तुझीच,
शेजारच्या बाकावरची