परीक्षेत ऋण संख्या येत नाहीत म्हणे!

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘पहिली भाषा कोणती?’ हा लेख वाचला. पायथॉन, जावा, सी या प्रोग्रामिंगच्या भाषांचा तक्ता छान रंगीत आहे. कोणती सोपी, कोणतीला नोकऱ्या जास्त, कोणती किती आठवड्यांत येते, सगळे आहे. प्रोग्राम लिहायला बसण्याआधी डोके कसे चालवायचे, याबद्दल मात्र अख्ख्या पानात एक ओळ नाही. जागेअभावी गाळली असेल, असे मी समजून चालतो.

माझा भाचा प्रोग्रामिंगच्या क्लासला जातो. चाचणीत प्रश्न होता, दिलेल्या संख्यांतली सर्वांत मोठी शोधा. याने यादीतली पहिली संख्या तूर्त मोठी धरली आणि पुढची प्रत्येक संख्या तिच्याशी ताडून पाहिली. सरांच्या नोट्समध्ये सुरुवातीला शून्य मोठे धरतात. याची सुरुवात वेगळी दिसली, गुण कापले! आता सगळ्याच संख्या ऋण असल्या, समजा -५, -१२ आणि -३, तर नोट्समधला प्रोग्राम काय सांगेल? शून्य. म्हणजे जी यादीतच नाही ती सर्वांत मोठी. भाच्याचा प्रोग्राम -३ सांगतो.

मी हे कागदावर मांडून घेऊन गेलो. लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, प्रत्येक फेरीनंतर व्हेरिएबलमध्ये (संख्या साठवायच्या जागेत) काय उरते, त्याचा साधा तक्ता. (याला ड्राय रन म्हणतात. त्याला कॉम्प्युटर लागत नाही, कदाचित म्हणूनच तो कुणी शिकवत नाही.) सरांनी तक्ता हातातही घेतला नाही. ‘‘परीक्षेत ऋण संख्या येत नाहीत,’’ म्हणाले. आल्या तर, असे मी विचारले. ‘‘येत नाहीत.’’ विषय संपला.

गुण गेले ते गेले. पण पोराने आता नोट्समधला प्रोग्राम पाठ केला आहे, शून्यासकट. माझा संताप त्याबद्दल आहे.

आपल्या लेखकांना एवढेच विचारतो, यात भाषेचा प्रश्न आला कुठे? हीच चूक पायथॉनमध्ये करा, जावात करा, उत्तर तेच चुकणार. मसावि काढण्याची युक्लिडची रीत सुमारे २३०० वर्षांपूर्वीची. मोठ्या संख्येतून लहान वजा करत राहा, दोन्ही सारख्या झाल्या की थांबा. ४८ आणि १८ घ्या : ३० आणि १८, मग १२ आणि १८, १२ आणि ६, शेवटी ६ आणि ६. उत्तर ६. युक्लिडला यांपैकी कोणती भाषा येत होती, हे तक्त्यात सापडले नाही. लीप वर्षाचा प्रोग्रामही तसाच. चारने भाग जातो का, एवढे तपासून मुले मोकळी होतात. १९०० घालून पाहिले की तो उघडा पडतो, कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. २००० लीप होते, १९०० नव्हते. असा अडचणीचा आकडा स्वतः शोधायला मुलांना कोण सांगते? उलट जो शोधतो त्याचे गुण जातात.

कळावे,
एक वाचक (आणि मामा)

ता. क. : त्याच पानावर चौकटीत पायथॉनचा नमुना प्रोग्राम छापला आहे. भाच्याने तो जसाच्या तसा उतरवून चालवला, तर पहिल्याच लूपपाशी एरर. पायथॉनमध्ये ओळीआधीची मोकळी जागा शोभेची नसते; लूपच्या आत काय आणि बाहेर काय, ते तिच्यावरूनच ठरते. आपल्या मांडणी विभागाने सगळ्या ओळी डावीकडे एका रेषेत आणल्या आहेत. दिसते सुंदर. उद्या दुरुस्ती छापावी, आणि छापण्याआधी कुणीतरी ती एकदा चालवून पाहावी, ही विनंती.