मोहर्लीच्या भाऊंना, रूम फुल्ल असतानाही फोन न ठेवल्याबद्दल

भाऊ, नमस्कार.

तुमचं नाव टाकत नाहीये. तुम्हीच म्हणालात ना, "नाव नका टाकू, मंग दिवसभर फोनच येत राहते". पण न लिहिता राहवत नाही. तिकडून निघताना गडबडीत नीट बोलणं झालं नाही, बाबा गाडीत बसूनही हात हलवत होते आणि तुम्ही पुढच्या पाहुण्यांच्या बॅगा उतरवत होतात.

आपली ओळख झाली ती कशी, आठवतं का? एप्रिलचा पहिला आठवडा, ताडोबाच्या जंगल सफारीसाठी मोहर्ली गेटजवळ रूम मिळावी म्हणून मी फोन लावत सुटलेलो, तुमचा नंबर बहुतेक अकरावा. तुम्ही उचललात आणि पहिलंच वाक्य "रूम तर फुल्ल आहे जी". मी थँक्यू म्हणून ठेवणार एवढ्यात तुम्ही विचारलंत, "पण सफारीचं परमिट काढलं का?" काढलं नव्हतं. मला वाटलेलं की आधी रूम, मग ट्रेन, मग तिकडे जाऊन गेटवर तिकीट, राणीच्या बागेत काढतो तसं. तुम्ही हसला नाहीत, हे मी विसरणार नाही.

मग पुढची वीस मिनिटं तुम्ही मला ताडोबा समजावून सांगत होतात आणि मी लाइट बिलाच्या मागे लिहून घेत होतो. तो कागद अजून आहे. कोर म्हणजे आतलं मुख्य जंगल, साधारण ६२५ चौरस किलोमीटर, भोवतीचा पट्टा म्हणजे बफर, ११०० च्या आसपास, कोरला प्रत्येक गेटवरून एका पाळीत ठरलेल्याच जिप्सी, म्हणजे उघड्या सफारी गाड्या, त्याच्या वर एकही नाही, तुमची स्वतःची गाडी तर नाहीच नाही. मंगळवारी कोर बंद. आणि मी प्लॅन केलेला सोमवार, मंगळवार, बुधवार! घरात सगळ्यांच्या सुट्ट्या जुळवून, बॉसला गोड बोलून काढलेले ते तीन दिवस, त्यातला मधला असा गेला.

मे महिन्यातलं मोहर्ली गेट मिळणार नाही हे तुम्ही सरळ सांगितलंत. त्याआधी मी एका एजंटला दोन हजार टोकन देऊन बसलो होतो, तो म्हणालेला "कन्फर्म मोहर्ली, कन्फर्म वाघ". तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही दोन सेकंद गप्प राहिलात आणि म्हणालात, "वाघ कन्फर्म म्हणते त्याले पैसे देऊ नका." ते दोन हजार गेले ते गेलेच, पुढचे सहा वाचले. खरं सांगू का, तुम्हालाही तेव्हा मला काहीतरी विकता आलं असतं. तुमचा भाऊ जिप्सी चालवतो हे मला तिकडे आल्यावर कळलं, तुम्ही फोनवर एकदाही बोलला नाहीत.

"कोरसाठी रडत बसू नका, एक कोर घ्या खुटवंडा गेटची, बाकी दोन बफर घ्या, वाघाले गेट माहीत नसते." या एका वाक्यावर आमची अख्खी ट्रिप उभी राहिली. शनिवार-रविवार टाळा, दर जास्त पडतो. जिप्सी अख्खी घ्या, सहा जणांत वाटून जाते, तुम्ही चारच असाल तर भाच्यांना आणा. भाच्यांना आणलं, त्यांची आई अजून तुम्हाला दुवा देतेय, कारण दोन दिवस घर शांत.

बुकिंगच्या रात्री माझं नेट गेलं तेव्हा मी तुम्हाला पावणेअकराला फोन केला, त्याबद्दल सॉरी. तुम्ही जेवत होतात, मागून काकूंचा आवाज येत होता.

आणि ते कार्ड. निघायच्या दिवशी, मंगळवारी दुपारी, तुमचा फोन आला, म्हणालात आज सुट्टी आहे म्हणून आठवण झाली, बुकिंग करताना ज्या कार्डाचा नंबर टाकला तेच ओरिजिनल आणा हं, गेटवर नावाशी जुळवून बघतात, झेरॉक्स चालत नाही. मी म्हटलं हो हो, सगळ्यांची आधार कार्डं घेतलीयेत. फोन ठेवला आणि पोटात गोळा आला. आईच्या आधारवर नावाचं स्पेलिंग चुकलंय म्हणून मी तिचं मतदान कार्ड टाकलं होतं. संध्याकाळी कल्याणहून विदर्भ एक्सप्रेस, आणि घरात मतदान कार्ड कुठेच नाही. कपाट झालं, देवघराचा खण झाला, बाबांच्या पेन्शनच्या फाइली झाल्या, आई रडायच्या बेतात, "तुम्ही जा, मी राहते". शेवटी सापडलं मागच्या वर्षीच्या पंचांगात, खूण म्हणून घातलेलं. तुमचा फोन आला नसता तर आईला गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसवून आम्ही आत गेलो असतो, आणि मग जन्मभर ऐकलं असतं.

नागपूरहून जांब, वरोरा, भद्रावती करत आलो तर गाडीबाहेर नुसती भट्टी. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळ्यांनी डोक्याला ओले दुपट्टे बांधले, आईने तर पर्समध्ये कांदासुद्धा ठेवला, आता त्या पर्सला वास येतो पण ती फेकू देत नाही. बाबांचे गुडघे तुमच्या लक्षात होते याचं मला विशेष वाटलं. जिप्सीत चढायला प्लास्टिकचं स्टूल घेऊन तुम्ही स्वतः उभे, "बाबूजी मधल्या सीटवर, मागची उडवते".

गुरुवारी सकाळी कोरमध्ये वाघ नाही दिसला. फोन गेटवरच जमा झालेले, त्यामुळे भाच्यांनी चक्क जंगल बघितलं. रानकुत्रे दिसले, गवा दिसला, रस्त्याच्या धुळीत ताजे पंजे. रस्त्याकडेचे ते जुने दगडी खांब गाईडताईंनी दाखवले, गोंड राजांच्या काळातले, दोर बांधून घंटा वाजवत राजा येतोय असा निरोप पुढे जायचा म्हणतात. तलावाकाठच्या तारूचीही गोष्ट सांगितली त्यांनी, वाघाशी झुंजून मेलेला गावचा प्रमुख, त्याचाच पुढे देव झाला आणि त्याच्यावरूनच ताडोबा. बाबांनी गाडीतूनच हात जोडले. मी १९५५ चं नॅशनल पार्क वगैरे वाचून गेलो होतो, हे काही वाचलं नव्हतं.

वाघ दिसला संध्याकाळी, आगरझरी बफरमध्ये. आधी चितळ ओरडलं, मग वानर खाकरलं, ड्रायव्हरने गाडी बंद केली. झुडपातून आला, आमच्याकडे बघितलंही नाही, पाणवठ्यापाशी वळला आणि पाठमोरा, मागचे पाय आधी टाकत, हळूहळू पाण्यात बसला, कंबरेपर्यंत. अगदी आमचे आजोबा गरम पाण्याच्या घंगाळात बसायचे तसा. कान तेवढे हलत होते. सात-आठ मिनिटं असेल. परत येईपर्यंत बाबा एक अक्षर बोलले नाहीत, आणि जेवताना अचानक म्हणाले, "शेपटीकडून बसला रे तो."

त्या रात्री अंगणात तुम्ही बोललात ते मात्र मला छळतंय. आईने कौतुकाने विचारलं, तुम्हाला रोज दिसत असेल ना वाघ? तर तुम्ही म्हणालात, "तुमाले परमिट काढून दिसत नाही, आमाले बिनापरमिटचा दिसते". सगळे हसलो. मग तुम्ही सांगितलंत की मोहफुलं वेचायला पहाटे बाया आता एकट्या जात नाहीत, घोळक्याने जातात, वाकून वेचताना माणूस त्याला जनावरासारखा दिसतो. आम्ही एप्रिलपासून वाघ दिसावा म्हणून नवस करत होतो आणि तुमच्या घरी तो दिसू नये म्हणून. यावर काय बोलावं ते तेव्हाही सुचलं नाही, आत्ताही नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. रूम तुमच्या चुलतभावाची, जिप्सीचे ठरलेले, गाईडचे ठरलेले, "माझं काय, फोनवर तर बोललो". म्हणून आंब्याची पेटी पाठवलीय, रत्नागिरीच्या मावशीकडचे आहेत, परवापर्यंत चंद्रपूरला पोचेल आणि तिथून पुढे तुम्हाला फोन येईल. आली की लगेच उघडा, तुमच्याकडच्या उन्हात बंद पेटीत नासतील. वरच्या थरातले तयार आहेत, खालचे चार-पाच दिवस पेंढ्यात राहू द्या. आणि काकूंना सांगा, रात्री पावणेअकराचा फोन आता येणार नाही, निदान पुढच्या एप्रिलपर्यंत तरी.

तुमचा,
डोंबिवलीवाला