दातांच्या तारा निघाल्यानंतर

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

"तारा निघाल्या, सुटले एकदाची," असे तू फोनवर म्हणालीस. सुटका झाली हे खरेच आहे. पेरू फोडी न करता दातांनी तोडून खाता येणे, भाजलेले कणीस आणि चिक्की यांवरची बंदी उठणे, जेवणानंतर आरशासमोर ताटकळत तारांत अडकलेली पालेभाजी काढत बसावे न लागणे, ही सुखे किरकोळ नाहीत. सुजलेल्या हिरड्याही आता नीट घासता येत असल्यामुळे ओसरतील. दातांवर चिकटवलेल्या ब्रॅकेटभोवती उमटलेले पांढरे डाग मात्र फ्लोराइडच्या टूथपेस्टने थोडे फिकट होतील, पूर्ण जातीलच असे नाही. त्यांचा ध्यास घेऊ नकोस.

रिटेनरचा, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्याचा, तुला कंटाळा आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते. दात आणि हाड यांना जोडणारे तंतू नव्या जागेला तीन-चार महिन्यांत सरावतात. पण हिरडीतले लवचीक तंतू वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ, दातांना जुन्या जागेकडे ओढत राहतात. शिवाय खालच्या पुढच्या दातांची वयाबरोबर दाटी होतेच, ज्यांनी कधी तारा लावल्या नाहीत त्यांचीसुद्धा. त्यामुळे डॉक्टरांनी सांगितले आहे तितके तास तो घालावा लागेल, आणि पुढे रात्रीचा वापर बरीच वर्षे चालेल असे धरूनच चाल.

हसताना तोंडावर हात नेण्याची तुझी सवय दातांबरोबर सरळ होणार नाही. तिला वेळ दे. आजी म्हणते की आता मुलीचा आत्मविश्वास वाढेल. वाढला तर आनंदच आहे, परंतु ते ओझे दातांवर टाकू नये असे मला वाटते. वेल्समधील कार्डिफ येथे १९८१ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या हजारावर मुलांची पाहणी सुरू झाली आणि त्यांपैकी जितके जण पुन्हा सापडले त्यांना वीस वर्षांनी तपासले गेले. लहानपणी गरज असताना उपचार घेतलेल्यांचे दात अधिक सरळ होते आणि आपल्या दातांविषयी ते अधिक समाधानीही होते. मात्र मोठेपणीच्या त्यांच्या मानसिक स्वास्थ्यावर त्या उपचारांचा फारसा प्रभाव आढळला नाही. आम्ही खर्च केला तो नीट चावता यावे, नीट घासता यावे आणि तुला स्वतःला बरे वाटावे म्हणून. वर्गात तू धीटपणे उभी राहावीस, ही अपेक्षा त्या बिलात धरलेली नव्हती.

मेसमध्ये जेवताना रिटेनर कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नकोस, खरकट्याबरोबर तो सरळ कचऱ्यात जातो. डबी जवळ बाळग. तो साध्या पाण्याने धू, गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो. हरवला किंवा घट्ट बसू लागला, तर पैशांचा विचार न करता त्याच दिवशी डॉक्टरांना कळव आणि मग मला.

तुझी,
आई