गप्पी मासे सोडले, पण टिकतील कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की गावोगावी डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले जातात. नालीच्या काठावर पिशवी उलटी होते, फोटो निघतो. पहिल्या जोरदार सरीत मासे नालीच्या पाण्याबरोबर वाहून जातात आणि डास होते तिथेच राहतात. गप्पी लावायचा तो साचलेल्या, न उपसल्या जाणाऱ्या पाण्यात: ढोरांचे टाके, उघडा हौद, वापरात नसलेली विहीर. कूलर, रांजण, ड्रम आठवड्याला घासून कोरडे करावेत, तिथे माशाचे काम नाही. घट्ट झाकणाच्या टाकीतही नाही. पिण्याच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडते. हजार लिटरला अडीच ग्रॅम ही नेहमीची मात्राही गप्पीला मारायला पुरेशी आहे, त्यामुळे तीही जागा वगळावी.

वाटपाच्या वेळी लोक रंगीत मासे वेचून घेतात आणि मळकट दिसणारे ठेवून देतात. इथेच घोळ होतो. रंगीत, एक-सव्वा इंचाचा तो नर. राखाडी, दोन इंचांपर्यंत वाढणारी ती मादी. नुसते नर नेले तर टाके वर्षभरात रिकामे. मादीच्या पोटाच्या मागच्या भागात काळसर डाग असतो. तो गडद झाला आणि पोट चौकोनी दिसू लागले की पिले जवळ आली. हा मासा अंडी घालत नाही, साधारण चार आठवड्यांनी जिवंत पिले देतो. हजार लिटरच्या हौदाला दोन नर आणि सहा माद्या पुरतात. नर जास्त झाले तर ते माद्यांच्या मागे लागून त्यांना थकवतात. दुकानातले लांब शेपटीचे शोभेचे गप्पी उघड्या टाक्यात घालू नयेत. ते संथ पोहतात आणि खंड्याला लांबून दिसतात. गॅम्बुशिया या दुसऱ्या डासखाऊ माशालाही बरेच जण गप्पीच म्हणतात, पण त्याच्या नरावर नारिंगी-काळे ठिपके नसतात आणि तो इतर माशांचे पर कुरतडतो.

नेण्याच्या आदल्या दिवशी खायला देऊ नये, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा, वरून ओले पोते, वेळ सकाळची. पोचल्यावर बांधलेली पिशवी वीस मिनिटे हौदात तरंगत ठेवावी, मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी हौदातले कपभर पाणी आत घालावे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात हे काम तासभर चालू द्यावे. गप्पीला थोडा खारेपणा चालतो, एकदम झालेला बदल चालत नाही. नवे सिमेंटचे टाके असेल तर दोन आठवडे पाणी भरून-सोडून चुना निघू द्यावा. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवलेले हवे.

पुढे माशाकडे रोज दोन मिनिटे बघितले की बरेच कळते. नर मादीपुढे अंग वाकवून थरथरतो, त्याला झटका आला असे समजून लोक औषध शोधतात. तो मादीला रिझवतो आहे. पृष्ठभागाखाली तोंड वर करून इकडेतिकडे फिरणे हीही त्याची रीतच. तोंड वर वळलेले असल्यामुळेच त्याला वरच्या अळ्या टिपता येतात. पण पहाटे सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून एका जागी थांबले, कल्ले भराभर हलत असले आणि हात नेला तरी पळत नसतील, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. एक तृतीयांश पाणी बदलावे, वरचा तेलकट थर आणि कुजलेला पाला काढावा. पर मिटून जागच्या जागी डुलणारा मासा बहुधा थंडीने किंवा पाणी बदलल्याने बिघडलेला असतो. त्याला वेगळ्या बादलीत दहा लिटरला एक सपाट चहाचा चमचा जाड मीठ घालून ठेवावे.

भात, पोळीचे तुकडे, मुरमुरे टाकायचेच नाहीत. पोट भरलेला गप्पी अळीमागे कशाला जाईल? वर उरलेले अन्न पाणी नासवते ते वेगळेच. अळ्या दिसत नसतील तेव्हा शेवाळावर तो निभावतो. पिलांना मात्र मोठे मासेच खाऊन टाकतात. हायड्रिला या पाणवनस्पतीची जुडी किंवा धुतलेल्या काथ्याचा झुपका टाकला तर लपायला जागा मिळून काही वाचतात आणि दोन-तीन महिन्यांत वयात येतात.

खरी परीक्षा नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. गप्पीला २४ ते २८ अंश सोयीचे; उन्हातल्या उथळ टाक्यातले पाणी दुपारी पस्तिशी ओलांडते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. किमान दोन फूट पाणी आणि निम्म्या टाक्यावर शेडनेट, एवढी सोय नसेल तर तिथले मासे मार्चअखेर सावलीतल्या हौदात हलवावेत.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे एक पथ्य सक्तीचे हवे. मामा तलाव (मालगुजारांच्या काळातले जुने गावतलाव), बोडी (शेतातले छोटे तळे), नदी-नाले यांत गप्पी सोडू नये. तो दक्षिण अमेरिकेकडचा मासा. आपल्या माशांची पिले खातो, त्यांच्या खाद्यावर हात मारतो. हौद धुताना उरलेले मासेही तिकडे ओतू नयेत. मादी नराचे बीज अंगात साठवून काही महिने पिले देत राहते, त्यामुळे तलावात पसारा मांडायला एकटी मादीही पुरते. उरलेले मासे शेजाऱ्याच्या टाक्यात द्यावेत.

आपला,
एक मत्स्यपालक,
आर्वी तालुका, जि. वर्धा