‘कॅन्सरवर औषध सापडले’ असे छापण्यापूर्वी

महोदय,

पत्नीच्या उपचारांसाठी बार्शीच्या फेऱ्या मारणारे माझे एक परिचित मध्यंतरी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन घरी आले. कॅन्सरच्या वाढीला हातभार लावणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, एका नव्या संयुगाने प्रयोगशाळेत रोखले, एवढीच मूळ बातमी. मथळा मात्र ‘औषध सापडले’ असा होता आणि ते कुठे मिळेल, हे त्यांना हवे होते. त्यांना नाही म्हणताना मला जे समजावून सांगावे लागले, ते बातमीतच यायला हवे होते.

एखादे विकर रोखणारे संयुग मिळणे तितके दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ते नेमके तेवढेच रोखणारे. कॅन्सरच्या अनेक औषधांचे लक्ष्य कायनेज वर्गातील विकरे असतात; पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूकडचा फॉस्फेट गट ती दुसऱ्या रेणूला जोडतात. माणसाच्या जनुकसंचात अशी ५१८ कायनेज असल्याची मोजणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. एटीपीचा रेणू ज्या खाचेत बसतो, ती खाच या सर्वांत इतकी मिळतीजुळती असते, की एकीत शिरणारे संयुग दुसरीतही सहज शिरते. स्टॉरोस्पोरिन हे संयुग कायनेजना जोरात रोखते खरे, पण एकाच वेळी पुष्कळांना. शेडमधला एक माग थांबवायचा म्हणून मेन स्विच पाडावा, तसा तो प्रकार.

म्हणून विकराची क्रिया निम्म्यावर आणायला संयुग किती लागते, हे लक्ष्यासाठी आणि इतर विकरांसाठी वेगवेगळे मोजतात. समजा, लक्ष्यासाठी १० नॅनोमोलर (द्रावणातील तीव्रतेचे अतिसूक्ष्म एकक) आणि दुसऱ्या विकरासाठी १,००० नॅनोमोलर लागले, तर निवडकता शंभरपट म्हणायची. हा आकडाही जपून वाचावा लागतो. जिवंत पेशीत एटीपी मिलिमोलर, म्हणजे नॅनोमोलरच्या दहा लाखपट मोठ्या एककात मोजण्याइतक्या प्रमाणात असते. चाचणीत ते पुष्कळदा त्याहून खूपच कमी ठेवतात, आणि मग एटीपीशी जागेसाठी झगडणारे संयुग आहे त्यापेक्षा प्रभावी भासते. शिवाय दोनचार विकरांवर तपासून मारलेला ‘निवडक’ हा शिक्का आणि शेकडो विकरांवर तपासून मारलेला तोच शिक्का यांचे मोल एक नाही.

पेशी मेल्या म्हणजे लक्ष्य साधले, असेही नव्हे. अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये काही प्रायोगिक औषधांची मानलेली लक्ष्येच क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने पेशींतून काढून टाकली. तरीही औषधे पेशी मारीतच राहिली. त्यांपैकी ओटीएस ९६४ चे खरे लक्ष्य सीडीके ११ हे वेगळेच कायनेज निघाले.

अर्थात निवडकता म्हणजे सोवळे नव्हे. रक्ताच्या एका कॅन्सरसाठी २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले इमॅटिनिब आपल्या लक्ष्याखेरीज किट हे कायनेजही रोखते, आणि त्यामुळेच पचनमार्गातील एका दुर्मीळ गाठीवर ते कामी आले. पण तसे म्हणायलाही ते आणखी काय काय रोखते, हे आधी मोजलेले असावे लागते.

तेव्हा अशा बातम्या देताना आपल्या वार्ताहरांनी संशोधकांना दोन गोष्टी विचाराव्यात: संयुग आणखी किती विकरांवर तपासले, आणि लक्ष्य काढून टाकलेल्या पेशींवर त्याचा परिणाम थांबतो का. उत्तर ‘अजून तपासलेले नाही’ असे आले, तर तेही छापावे, आणि मथळ्यात ‘औषध’ऐवजी ‘संयुग’ हा शब्द वापरावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, जुळे सोलापूर