अंधार चित्रपटात की प्रोजेक्टरमध्ये?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘हॅरी पॉटर’च्या सहाव्या भागाला काळाकुट्ट आणि रटाळ ठरवून आपले परीक्षक मोकळे झाले. मत त्यांचं, त्याला हरकत नाही. पण शेवटी मनोऱ्यावर काय चाललंय ते धड दिसतसुद्धा नाही, हा दोष त्यांनी दिग्दर्शकाच्या माथी मारलाय. चित्रपट कुठे पाहिला, तेवढं मात्र लिहिलेलं नाही!

मनोऱ्यावर सगळं दिसतं. हॅरीचे शिक्षक स्नेप येतात, खाली लपलेल्या हॅरीकडे बघून ओठांवर बोट ठेवतात आणि हॅरी जागीच थांबतो. पुढचा सगळा घात त्या एका बोटावर उभा आहे. ते ज्याला दिसलं नाही, त्याला प्रसंग लांबलेला वाटणारच. छायाचित्रकार ब्रूनो देलबोनेल यांना याच कामासाठी ऑस्करचं नामांकन होतं. आठ भागांत छायाचित्रणाचं नामांकन फक्त या भागाला. त्यांनी रंग मुद्दाम उतरवलेत, पण काळ्या-करड्यामधल्या छटा शाबूत आहेत. त्या प्रेक्षकापर्यंत पोचवायच्या कुणी?

डिजिटल सिनेमाच्या दंडकाप्रमाणे पडद्याच्या मध्यभागी ४८ निट (पडद्याचा उजेड मोजायचं एकक), म्हणजेच जुन्या मापात १४ फूट-लँबर्ट उजेड लागतो. आपल्या भागातल्या किती मालकांकडे तो मोजायचं मीटर आहे, हे परीक्षकांनी एकदा विचारून यावं. प्रोजेक्टरमधल्या झेनॉन दिव्याचे ठरलेले तास भरले तरी ‘अजून पेटतोय ना’ म्हणून तो चालवतात. इलेक्ट्रोडचं टंगस्टन उडून दिव्याची काच आतून काळवंडते आणि उजेड हळूहळू उतरत जातो. नवा दिवा घातला पण त्याच्यामागच्या आरशाशी जुळवला नाही, तर पडदा मधे लख्ख आणि कडांना मरगळलेला. प्रोजेक्टरसमोरच्या खिडकीची काच कुणी पुसत नाही. कंदिलाची काजळी तशीच ठेवून वात वर करण्यातला प्रकार. थ्रीडीचा फिल्टर न काढता साधा चित्रपट लावला, तर निम्म्याहून जास्त उजेड तिथेच जातो. नाचगाण्याच्या चित्रपटात हे सगळं खपतं. या चित्रपटातले गुहेतल्या तळ्यातून वर येणारे पांढरे हात मात्र गायब होतात.

आवाजाचंही तेच. थिएटरमधल्या डॉल्बी यंत्रावरचा आवाजाचा आकडा ७ वर असेल असं धरून चित्रपटाच्या ध्वनीचं मिश्रण केलेलं असतं. गोंगाटाच्या चित्रपटाला तक्रार आली म्हणून तो पाचवर आणतात आणि तिथेच विसरतात. मग मुख्याध्यापक डंबलडोरची कुजबुज पंख्याच्या घरघरीत बुडते.

१५३ मिनिटांच्या या चित्रपटाला मूळ मध्यंतर नाही. आपल्याकडे घड्याळ बघून वाक्याच्या मधेच दिवे लावतात. घ्यायचंच तर हॅरीच्या मित्राचं, म्हणजे वीझलींचं घर पेटतं, त्या प्रसंगानंतर घ्या. मध्याच्या आसपासच येतो. तो प्रसंग पुस्तकात नाहीच म्हणा. खलनायक व्होल्डेमॉर्टच्या पूर्वायुष्यातल्या आठवणी छाटून त्या जागी आग आणि मुलामुलींची प्रेमप्रकरणं भरली, हा खरा संथपणा. त्यावर परीक्षकांनी एक ओळ खर्च केलेली नाही.

घरी टीव्हीवर पाहिला असेल तर समोरची ट्यूबलाइट बंद करावी. ‘व्हिविड’ सोडून ‘सिनेमा’ मोड लावावा आणि खोलीप्रमाणे आपोआप उजेड कमी करणारा सेन्सर बंद ठेवावा. अंधार वाटला की लोक ब्राइटनेस चढवतात. त्यानं काळ्याचा नुसता राखाडी होतो. वाढवायचा असतो तो बॅकलाइट.

जाता जाता, आपल्या सिनेमांच्या वेळापत्रकाबद्दल. इंग्रजी चित्रपटाचं नाव आणि वेळ छापता, पण खेळ मूळ इंग्रजी आहे, हिंदी डब आहे की कन्नड, ते छापत नाही. खानापूर-निपाणीहून पोरांना घेऊन बसनं आलेल्या माणसाला ते तिकीट काढल्यावर कळतं. परीक्षणाची चार वाक्यं कमी करा, पण भाषेचा रकाना घाला.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव