सईस, लाल जॅकेटवरून

कोल्हापूर
मंगळवार, रात्री

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री सव्वाबाराला तुझा 'पोचलो' एवढाच मेसेज आला. आईनं तो वाचला आणि लगेच झोपली. मी जागाच होतो. दारात आपलं जे झालं ते परत उकरायचं नाही असं ठरवून लिहायला बसलोय. अंधार पडायच्या आत निघायला पाहिजे होतंस, एवढंच. संपला विषय.

लिहायचं होतं वेगळंच. पाडव्याला तू माझ्या मोबाईलवर ती टीव्ही ट्रोप्स नावाची वेबसाइट काढून दिलीस आणि म्हणालीस, "घ्या पप्पा, रिटायर झाल्यावर काय करू म्हणत होता ना, जन्मभर पुरेल." पुरतंय. माझं इंग्रजी वाचन बैलगाडीचं, तरी सुटत नाही. 2004 पासून जगभरचे शौकीन पदरचा वेळ घालून गोष्टींतल्या ठरलेल्या चाली नोंदवत बसलेत. प्रत्येक चालीला नाव, ती कुठल्या सिनेमात आली, कुठल्या नाटकात, कुणी उलटी फिरवली. एकीवरून दुसरीवर जाईपर्यंत चहा गार. पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक टांगली तर पुढं ती उडालीच पाहिजे, ही रशियन नाटककार चेकॉव्हची बंदूक मला लगेच पटली. आपल्याकडं तिच्या जागी खोकला असतो. पहिल्या रिळात बाप खोकला की मध्यंतराला फोटोला हार.

परवा आजीची मालिका लागली होती. मी म्हटलं, आता हिच्या हातातलं ताट पडणार. पडलं. मग म्हटलं, सासू दाराआड उभी असणार. होती. आजी भडकली. "मला बी कळतंय की. कळतंय म्हणून तर बघतोय. तू जा बघू आत."

आजीचं खरं आहे. 1932 साली प्रभातनं इथंच, आपल्या कोल्हापुरात, 'अयोध्येचा राजा' केला, मराठीतला पहिला बोलपट. हरिश्चंद्राची गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती? तारामतीवर तलवार उगारली की देव प्रकट होणार, हे पोराटोरांनाही पाठ. तरी लोक गेले. ऐनवेळी देवानं येऊन सोडवायचं ही चाल ग्रीकांकडंही होती. ते तर देवाला खरोखरच्या यारीनं, म्हणजे क्रेननं, रंगमंचावर उतरवायचे. ते वाचताना मला आमच्या वर्कशॉपमधली इंजिन उचलायची साखळी आठवली, आणि तिला लटकत खाली येणारा विश्वामित्र. एकटाच हसत बसलो.

तुझं जॅकेट लाल का घेतलंस?

विचारायचं नव्हतं, पण आता निघालंच आहे तर. 1966 च्या स्टार ट्रेक या अमेरिकन मालिकेत लाल सदरा घातलेला बिननावाचा शिपाई नव्या ग्रहावर उतरला की गेलाच म्हणून समजायचं. ही तर चेष्टा झाली, तू म्हणशील पप्पा डोक्यावर पडले. पण लाल रंग लांबून दिसतो हे तुझं म्हणणं दिवसापुरतंच आहे. रात्री लाल काळाच दिसतो. पाठीवर चमकणारी पट्टी लाव. हेल्मेटलाही मागून लाव. कागलपर्यंत सहापदरीचं काम काढलंय, कुठं डायव्हर्शन आहे ते समोर आल्यावरच कळतं. आणि उसाच्या ट्रॉल्या, त्यांना मागं दिवा नसतो. खंबाटकीत तर… झालं, सुरू झालं माझं लेक्चर. माफ कर. तू अडीचशे किलोमीटर गाडी मारत येतेस, मी इथं कॉटवर बसून तुला घाट शिकवतोय.

गाडी तू स्वतःच्या पगारातून घेतलीस. शनिवारी गल्लीत बसून चेन आवळत होतीस, तेव्हा चव्हाणांची पोरं हात खिशात घालून बघत उभी होती. मी गॅलरीतून आईला हाक मारली, म्हटलं ये, बघ. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रविवारी संध्याकाळी 'निघू नकोस' म्हणायला तोंड राहिलं नसतं.

लहानपणी तू डेपोत यायचीस ते आठवतं का गं? शाळा सुटली की आई तुला माझ्या केबिनमध्ये सोडून मंडईत जायची. मी पाणी प्यायला उठलो की तू माइक धरायचीस. एकदा गारगोटी गाडीची घोषणा केलीस आणि वर सांगितलंस, "या गाडीत एक राजकन्या बसली आहे, तिला खिडकी द्या." अख्खा फलाट हसला. ती गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली, कारण कंडक्टर खरंच आत राजकन्या शोधत फिरत होता. तेव्हाच कळायला पाहिजे होतं ही पोरगी कशाच्या नादाला लागणार ते.

त्या नादात तू मला प्रॉप या रशियन अभ्यासकाचं नाव सांगितलंस. वाचला. 1928 साली रशियातल्या परीकथा सोलून त्यानं 31 पायऱ्या काढल्या. आपल्या भरतमुनींनी पाच संधींत नाटक बसवलं, मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण, ते मला जास्त आटोपशीर वाटतं. पण प्रॉपच्या पहिल्या तीन ऐक. एक, घरातलं कुणीतरी घर सोडून निघतं. दोन, कुणालातरी एक गोष्ट करू नकोस म्हणून बजावलं जातं. तीन, ते मोडलं जातं. चौथी मी वाचली नाही. मोबाईल पालथा ठेवला आणि गॅलरीत येरझाऱ्या घातल्या. तेव्हा तू कराडच्या आसपास असशील.

गोष्टीतली माणसं नशिबवान. त्यांना आधी दिवा फडफडून दाखवतात, फोटोची काच तडकते, आईच्या पोटात कालवतं. मी सगळी नोकरी फोनशेजारी काढली. रजिस्टरात गाडी नंबर, चालक, वाहक, ठिकाण, वेळ. राजूच्या अपघाताच्या वेळी फोन मीच उचलला होता. त्या दिवशी कसलंच काही झालं नव्हतं. उन्हं चांगली पडली होती, कॅन्टीनची मिसळ फक्कड झाली होती. आजीला अजून वाटतं की मला आधी काहीतरी जाणवलं असणार आणि मी सांगत नाही.

हे लिहायचं नव्हतं. पण खोडत नाही.

तर काय म्हणत होतो. येऊ नकोस असं मी कधीच म्हणणार नाही. गाडीवरच ये. दुपारची सुट्टी माग, साहेब काय खातोय का? आणि खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, या चार नाक्यांवर एकेक मेसेज. टू-व्हीलरला टोल नसतो हे मला शिकवू नकोस. तरी थांब, पाणी पी, नुसता ठिपका पाठवलास तरी चालेल.

कांदा-लसूण चटणी आणि गुळाची ढेप गुरुवारच्या रातराणीनं पाठवतोय. वरच्या खोलीच्या किल्लीचं आईनं तुला सांगितलं असेलच, त्यात मी पडत नाही. पार्सल स्वारगेटला पहाटे उतरेल. घ्यायला जाताना रिक्षानं जा.

तुझे,
पप्पा